खळ्यातली गिटार

संगीत ऐकण्याच्या जागा निरनिराळ्या असतात. मोठ्या शहरांतून त्यासाठी मुद्दाम बांधलेली सभागृहे असतात. तेथे मखमली खुर्च्या असतात, ध्वनिक्षेपक असतात आणि वाजविणारा मनुष्य इतका दूर बसलेला असतो की त्याचा चेहरा पाहावयाचा तर मान उंच करावी लागते. देवळाच्या सभामंडपात हे अंतर पुष्कळ कमी होते. परंतु वादकाचे बोट तारेवरून सरकताना होणारी बारीक करकर, त्याचा श्वास, त्याच्या पायाचा जमिनीवर पडणारा ठेका हे सारे जेथे ऐकू येते, ती जागा बहुधा एखाद्या घराचे अंगणच असते.

मालवणाकडे या अंगणाला ‘खळे’ म्हणतात. घाटावरच्या मुलांना खळे म्हटले की धान्याची मळणी आठवेल. कोकणात मात्र घरापुढची सारवलेली मोकळी जागा म्हणजे खळे. पावसाळ्यात ते वाहून जाते, शेवाळते, खचते. म्हणून पाऊस सरला की ते नव्याने करावयाचे. जमीन उकरावयाची, पाणी शिंपावयाचे, चोपण्याने चोपून सपाट करावयाची आणि शेणाने सारवून घ्यावयाची. वर झावळ्यांचा मांडव घातला की काम झाले. पुढचा पाऊस येईपर्यंत भाताची उन्हे तेथे, मुलांचे खेळ तेथे, लग्नाची बोलणी तेथे आणि पाहुण्यांची बैठकही तेथेच.

काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी मालवणातील अशाच एका खळ्यात एक वृद्ध गिटारवादक वाजवावयास बसले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढचे. जन्म गोव्यातला, तारुण्य मुंबईच्या हॉटेलांतून आणि वाद्यवृंदांतून गेलेले. घरधन्याशी त्यांची मुंबईतली जुनी मैत्री होती. मित्राला भेटावयास आले, चार दिवस राहिले आणि निघण्याच्या आदल्या दिवशी ‘आता काही ऐकवल्याशिवाय जायचे नाही’ असा आग्रह झाला. आमंत्रणपत्रिका नव्हती, तिकीट नव्हते. शेजारीपाजारी, नुकतेच होडीवरून परतलेले दोन तरुण, शाळेतले एक शिक्षक, पलीकडच्या वाडीतली दोन-तीन ख्रिस्ती कुटुंबे अशी पंचवीस-तीस माणसे जमली होती. कोणी बाकावर, कोणी चटईवर, कोणी नुसते तुळशीवृंदावनाला टेकून.

त्यांत एक आजोबा आणि त्यांचा सातवीत शिकणारा नातू होता. आजोबांचे सारे आयुष्य एका दशावतारी नाटक मंडळीत पायपेटी वाजविण्यात गेले होते. आता सांधे आखडल्यामुळे बोटे वळत नसत. नातवाला त्यांनीच पेटी शिकविली होती आणि तो बरी वाजवीतही असे. पण तीन महिन्यांपूर्वी शाळेच्या एका समारंभात एक गोष्ट घडली होती. गाणाऱ्या मुलीला साथ करताना त्याचे बोट शेजारच्या पट्टीवर पडले. सूर विसंगत उमटला. मागच्या रांगेतून हसू आले. मुलगी गातच राहिली. पण या मुलाने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले ते शेवटपर्यंत पुन्हा पेटीवर ठेवलेच नाहीत. घरी आल्यावर त्याने पेटीवर आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरला. तो अजून तसाच होता. आजोबांनी त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. रागावणे सोपे असते. न रागावता तीन महिने त्या झाकलेल्या पेटीसमोरून ये-जा करणे हे त्या वृद्धाला किती जड गेले असेल, ते ज्याने एखादी विद्या दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची वाट पाहिली असेल त्यालाच कळावे.

वादकांनी पेटीतून गिटार बाहेर काढली तेव्हा मुले पुढे सरकली. बाजारात पाहावयास मिळते तशी ती नव्हती. तिच्या पोटावर मधोमध गोल भोक नव्हते. व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार छिद्रे दोन बाजूंस होती आणि पोटही किंचित फुगीर होते. सहा तारा पोलादी. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसविलेल्या. त्यांना पडदे म्हणतात. डाव्या हाताने पडद्यालगत तार दाबावयाची आणि उजव्या हाताने ती छेडावयाची, एवढेच गिटारीचे शास्त्र. बाकी सारे बोटांचे. गिटारीशेजारी त्यांनी आवाज वाढविण्याचे एक लहानसे खोके ठेवले, त्याची वायर पडवीतून ओढून घेतली आणि दोन-चार सूर छेडून पाहिले. खोक्यातून येणारा आवाज गोल, मऊ आणि चांगला मोठा होता.

आणि एवढ्यात वीज गेली.

मालवणात वीज जाणे ही काही बातमी नव्हे. कंदील आला, मेणबत्त्या आल्या. दोघा-तिघांनी मोबाईलचे दिवे लावले. ते डोळ्यांवर येऊ लागले तेव्हा घरच्या आजीने ‘मालवा ते’ असे सांगितले. खोके मुके झाले होते. वादकांनी वायर काढून बाजूला ठेवली आणि गिटार तशीच मांडीवर घेतली. पहिला सूर वाजला, तो मागच्या चटईपर्यंत पोहोचलाही नसावा. तेव्हा कोणी काही न सांगता बाके उचलली गेली, चटया पुढे ओढल्या गेल्या, तुळशीपाशी बसलेली माणसे उठून आली. पाच मिनिटांत सारी मंडळी वादकाभोवती इतकी दाट जमली की कंदिलाच्या एका वर्तुळात सर्वांचे चेहरे मावले. तो मुलगा आणि आजोबा वादकाच्या अगदी गुडघ्याजवळ आले.

या गोष्टीत एक गंमत आहे. जे संगीत त्या रात्री वाजणार होते त्याला जॅझ म्हणतात, आणि त्यातल्या गिटारीची सारी कथा या लहान आवाजाचीच कथा आहे. जॅझचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लीन्स या बंदरात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज तेथे राहत होते. त्यांची श्रमगीते, प्रार्थनागीते, त्यांचे ताल आणि युरोपीय लोकांची वाद्ये यांच्या मिलाफातून हे संगीत आकारास आले. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ढोल ही सारी मोठ्या आवाजाची वाद्ये. त्यांच्या गर्दीत बिचाऱ्या गिटारीचे कोण ऐकणार? ती मागे बसून नुसता ठेका धरीत असे. पुढे विजेवर चालणारी गिटार आली. चार्ली ख्रिश्चन नावाचा तरुण १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदात दाखल झाला आणि विजेच्या साहाय्याने त्याने गिटारीला ट्रम्पेटच्या बरोबरीने बोलते केले. १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. परंतु तोवर गिटार मागच्या रांगेतून पुढे आली होती.

विजेने गिटारीला श्रोत्यांपर्यंत नेले होते. मालवणात वीज गेली तेव्हा श्रोते गिटारीपर्यंत आले.

वादकांनी सुरुवातीला एक जुनी, साधी चाल वाजविली. कोणालाही गुणगुणता येईल अशी. ती एकदा पुरती वाजवून झाली आणि मग ते त्याच चालीवर परत आले; पण आता ती चाल ती राहिली नव्हती. कोठे दोन सूर वाढले होते, कोठे एक गाळला होता, कोठे ते ओळीच्या आरंभाला मुद्दाम उशीर करीत आणि मग धावत जाऊन ओळ गाठीत. तिसऱ्या फेरीत तर मूळ चाल कोठे दिसेनाशी झाली. एक बाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या, ‘‘हे निराळेच गाणे सुरू झाले वाटते.’’

गाणे निराळे नव्हते. आपल्याकडच्या संगीतात षड्ज एका जागी स्थिर असतो आणि त्याच्याभोवती राग फुलत जातो. जॅझमध्ये पायाखालची जमीनच हलती असते. तीन-चार सूर एकदम वाजविले म्हणजे जो नाद होतो त्याला वादक ‘कॉर्ड’ म्हणतात. एका गाण्यात अशा कॉर्डची एक ठरलेली रांग असते. चार मात्रांचे एक घर धरले, तर पुष्कळशा गाण्यांची एक फेरी बत्तीस घरांची होते. ही घरे बदलावयाची नाहीत; त्यांचा क्रम मोडावयाचा नाही. त्या घरांतून जाताना कोणती वाट धरावयाची, ते मात्र वादकाने त्या क्षणी ठरवावयाचे. कागदावर ते लिहिलेले नसते. काल वाजविले ते आज येत नाही आणि आजचे उद्या येणार नाही.

हे सारे त्या आजोबांना कोणी समजावून सांगितले नव्हते. जॅझ हा शब्दही त्यांनी क्वचितच ऐकला असेल. पण तिसरी फेरी संपता संपता ते नातवाकडे वाकून हलकेच म्हणाले, ‘‘अरे, ह्यां आमच्यासारख्यांच रे! आख्यान ठरलेलां, बोलणां आयत्या येळचां.’’

त्यांचे म्हणणे खरे होते. दशावतारी नाटकाची लिखित संहिता नसते. कार्तिकापासून सिंधुदुर्गात गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि दशावतारी मंडळी आपला पेटारा घेऊन गावोगाव जातात. त्या पेटाऱ्यात पोशाख, मुकुट, शस्त्रे आणि पूजेचा गणपतीचा मुखवटा असतो; मात्र नाटकाची वही नसते. कोणते आख्यान लावावयाचे, कोण कोणती भूमिका करणार, एवढे रंगायला बसताना ठरते. पुढचे सारे रंगभूमीवर उभे राहिल्यावर. समोरचा काय बोलतो ते ऐकून दुसऱ्याने उत्तर द्यावयाचे. आरंभी गणपती येतो, सरस्वती येते, वेद पळविणारा शंखासुर येतो आणि तो खुशाल मालवणीत बोलून साऱ्या गावाची फिरकी घेतो. मुख्य आख्यानात मात्र देव, राजे, ऋषी भरदार मराठीत वाद घालतात. आणि एका कडेला पेटी, पखवाज आणि झांज घेऊन बसलेले तिघे रात्रभर नटाच्या तोंडाकडे पाहत असतात. नट केव्हा बोलता बोलता गाऊ लागेल, कोणत्या सुरात गाऊ लागेल, हे त्याचे त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. पेटीवाल्याला मात्र त्या सुरात हजर असावे लागते.

आजोबा एक आठवण नेहमी सांगत. एका जत्रेत ऐन युद्धप्रसंगी राजाची लाकडी तलवार मुठीपासून तुटून खाली पडली. लोक हसणार, तोच राजा गर्जला, ‘‘तुझ्यासारख्या क्षुद्रावर शस्त्र उचलणे मला लाज आणते, म्हणून ते मी टाकून दिले!’’ आणि पेटीवर आजोबांनी लगेच चढा सूर धरला. टाळ्या पडल्या. कित्येकांना वाटले, तलवार मुद्दामच टाकली.

असो. खळ्यात गिटार चालू होती. आता आजोबांचा हात बाकाच्या कडेवर ठेका धरू पाहत होता. त्यांची एक लहानशी अडचण झाली. आपल्याकडे समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर जोर येतो. त्यांनी तेथे बोट आपटले, पण ते गिटारीशी जुळेना. त्यांनी वादकांच्या पायाकडे पाहिले. तो पाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडत होता. दोन-तीन फेऱ्या आजोबा नुसते ऐकत राहिले. मग त्यांचे आखडलेले बोट दुसऱ्या मात्रेवर पडले, चौथ्यावर पडले आणि तेथेच राहिले. वादकांनी मान वर केली, बोटाकडे पाहिले आणि किंचित हसले. त्यानंतर ते ठेक्याची काळजी सोडून अधिक मोकळेपणाने वाजवू लागले, हे जवळ बसलेल्या सर्वांना जाणवले. सभागृहात हे झाले नसते. तेथे श्रोत्याचे बोट दिसत नाही.

मधल्या वेळात चहा आला, जत्रेतून आणलेले खाजे आले आणि गप्पा निघाल्या. वादक कोकणीत बोलत. मालवणी माणसाला ती कळावयास अडचण पडत नाही. घरधनी त्यांच्याविषयी सांगत होते. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ती विद्या घेऊन पुष्कळ तरुण मुंबईस येत आणि धोबीतलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या ‘कूड’ नावाच्या वसतिगृहांतून राहत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि हे नवे संगीत शहराने प्रत्यक्ष ऐकले. गोव्याच्या वादकांनी ते भराभर आत्मसात केले. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिन किंवा ट्रम्पेट, असे आयुष्य कित्येकांनी काढले. हिंदी चित्रपटगीतांतील वाद्यमेळ आपण आवडीने ऐकतो. त्यामागे या माणसांचे श्रम आहेत, आणि त्यांची नावे मात्र तबकड्यांवर क्वचितच छापली गेली. त्यांच्यापैकी काही दूरदेशीही गेले. अमान्सियो डिसिल्वा हा मुंबईस गोमंतकीय कुटुंबात जन्मलेला गिटारवादक १९६७ मध्ये इंग्लंडला गेला आणि तेथल्या जॅझ वादकांबरोबर वाजवून १९६९ मध्ये त्याने आपली पहिली मोठी तबकडी काढली. तिचे नाव ‘इंटिग्रेशन’, म्हणजे एकरूप होणे.

कोणीतरी म्हणाले, ‘‘पण गिटार हे वाद्य आपले नव्हे.’’ त्यावर घरधन्यांनी आजोबांकडे बोट दाखविले. पेटी तरी कोठली? हार्मोनियमचे एकस्व १८४२ मध्ये पॅरिसच्या एका कारागिराने घेतले होते. तीही जहाजातूनच आली. आज तिच्यावाचून कोकणातली जत्रा उभी राहत नाही. वाद्य कोणाचे, तर ज्याच्या बोटांखाली ते बोलते त्याचे. या वादात फार शिरण्याचे कारण नाही.

चहानंतरचे वादन अधिक रंगले. वादकांनी एक संथ गाणे घेतले. दूर समुद्राची गाज होती, मधून एखादी झावळी हलत होती. सूर इतके हळू उमटत की श्रोत्यांना श्वासही जपून घ्यावा लागत होता. वादक वाजविता वाजविता स्वतःशीच गुणगुणत. पुढचा सूर तारेवर उमटण्याआधी त्यांच्या घशात उमटे. ते त्या मुलाला स्पष्ट ऐकू येत होते.

आणि तेथे ते चुकले.

एका उंच जागी जाताना बोट एक पडदा अलीकडे पडले. सूर चरचरला. लांब बसलेल्यांच्या ते ध्यानात आले असेल, नसेल. पण त्या मुलाला ती चूक अंगावर पाणी पडल्यासारखी जाणवली. ही जागा त्याच्या ओळखीची होती. आता काय होते ते त्याला ठाऊक होते. आता हात उचलले जातात.

हात उचलले गेले नाहीत. वादक पुढे गेले, फेरी संपवून त्याच जागी आले आणि त्यांनी तोच चुकलेला सूर पुन्हा वाजविला. या वेळी मुद्दाम, थोडा रेंगाळून. आणि तेथून अर्धा स्वर वर सरकून ते नेमके हव्या त्या सुरावर उतरले. चरचर होती ती आता ओढ झाली. तिसऱ्या फेरीत त्यांनी त्या सुराभोवती चार-पाच सुरांची एक लहानशी वेलबुट्टी केली, ती खालच्या तारांवर नेली, पुन्हा वर आणली. शेवटी गाणे संपले तेव्हा श्रोत्यांच्या कानांत मूळ चालीपेक्षा ती वेलबुट्टीच अधिक घोळत होती.

आजोबांनी नातवाच्या दंडाला हलकेच धरले. ‘‘आयकलंस? चुकलो खरो, पण चूक टाकल्यान नाय. फिरवन घेतल्यान.’’

मुलगा काही बोलला नाही.

कार्यक्रम संपला, तरी वीज आली नव्हती. माणसे कंदील घेऊन एकेक करून निघू लागली. वादक गिटारीच्या तारा एका मऊ फडक्याने पुसत होते. समुद्राकाठच्या हवेत पोलादाला गंज लवकर चढतो, म्हणून वाजवून झाल्यावर तारा पुसाव्याच लागतात. मुलगा तेथेच घुटमळत होता. आजोबा म्हणाले, ‘‘इचार तेंका.’’ बराच वेळ गेल्यावर त्याने विचारले, ‘‘त्या संथ गाण्यात... तुम्ही तिथे चुकला होता का?’’

प्रश्न धिटाईचा होता. घरधन्यांनी तर एकदम वर पाहिले. वादकांनी फडके खाली ठेवले आणि ते मुलाकडे पाहत म्हणाले, ‘‘हय, चुकलों. म्हाकाय आयकूं आयलें.’’

होय, चुकलो, मलाही ऐकू आले, एवढेच ते बोलले. मग त्यांनी गिटार पुन्हा मांडीवर घेतली आणि ती जागा दाखविली. हा पडदा हवा होता, बोट या पडद्यावर पडले. दोहोंत अंतर बोटाच्या रुंदीएवढे. मुलाने वाकून पाहिले. त्याला वादकांची बोटेही जवळून दिसली. टोके कातड्यासारखी कठीण झाली होती आणि करंगळी जराशी वाकडी होती.

बोटांवरून वादकांना एक गोष्ट आठवली. जँगो राइनहार्ट नावाचा एक वादक युरोपात होऊन गेला. भटक्या रोमा जमातीतला. १९१० मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेला. हे लोक चाकांच्या घरगाड्यांतून राहत. १९२८ मध्ये त्याच्या गाडीला आग लागली आणि त्याचा डावा हात भाजून करंगळी व तिच्याशेजारचे बोट ही दोन्ही कायमची आखडली. गिटारवादकाचा डावा हात म्हणजे त्याचे सर्वस्व. पुष्कळांना वाटले, आता याचे वाजविणे संपले. त्याने उरलेल्या दोन बोटांनी सारे पुन्हा शिकावयास आरंभ केला. आखडलेली बोटे कॉर्ड धरण्यापुरती कोठे उपयोगी पडतात तेही शोधून काढले. १९३४ मध्ये पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली याच्याबरोबर त्याने पाच जणांचा एक वाद्यवृंद उभारला. त्यात ढोल नव्हता की ट्रम्पेट नव्हते. सारी तारांची वाद्ये. १९५३ मध्ये तो वारला. आजही जगभरचे गिटारवादक, दहाही बोटे धड असलेले, त्याच्यासारखे वाजविता यावे म्हणून वर्षानुवर्षे खपतात.

हे ऐकताना आजोबा आपल्या बोटांकडे पाहत होते. त्यांनी ती एकदा मिटून पाहिली, उघडून पाहिली आणि उपरण्याखाली घेतली.

घरी जाताना वाटेत दोघे फारसे बोलले नाहीत. विजेअभावी आकाश स्वच्छ दिसत होते. किल्ल्याच्या बाजूने येणाऱ्या लाटांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी मोठा होई आणि घरांच्या आड गेला की लहान होई. आजोबांनी एकदाच विचारले, ‘‘भूक लागली काय रे?’’ मुलाने नाही म्हटले.

पहाटे, अजून कोंबडाही आरवला नव्हता, तेव्हा आजोबांना जाग आली. माजघरात कसला तरी आवाज होत होता. आधी कापड ओढल्याचा. मग जुन्या भात्याने घेतलेला एक लांब, धुळकट श्वास. पेटी तीन महिने बंद होती. एक पट्टी दमटपणाने चिकटलेली असावी, कारण ती दाबल्यावर परत उठत नव्हती. ती नखाने उचलल्याची टकटक ऐकू आली.

मग शाळेतले ते गाणे सुरू झाले. अगदी हळू, भाता जेमतेम हलवून, जणू घरातल्या कोणाला उठवावयाचे नाही. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीतल्या त्या जागी बोट पुन्हा शेजारच्या पट्टीवर पडले, आणि सूर थांबला. काही क्षण काहीच ऐकू आले नाही. नंतर तोच चुकलेला सूर आला. पुन्हा आला. तेथून पुढे जाण्याची एक वाट त्याने धरून पाहिली. ती चांगली नव्हती. दुसरी पाहिली; तीही फारशी बरी नव्हती. आजोबांना तिसरी वाट ठाऊक होती. साऱ्या आयुष्यात नटांच्या मागे धावताना त्या जागेवरून ते कितीदा तरी गेले असतील. उठून माजघरात जावे आणि बोट धरून दाखवावे, असे त्यांच्या फार मनात आले.

ते उठले नाहीत. त्यांनी कूसही बदलली नाही. बदलली असती तर खाटेची करकर माजघरात ऐकू गेली असती.